शेवटी लिहील त्याचं

"माझं कुठं गेलं?" काका म्हणाले तेव्हा मला वाटलं, चष्मा. काकांचा चष्मा दिवसातून चारदा हरवतो आणि चारही वेळा त्यांच्याच कपाळावर सापडतो. पण या खेपेला चष्मा नाकावर होता आणि काका कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवत होते, ज्या एका बोटाने ते टाइप करतात त्याच बोटाने. "आत्ता इथं लिहिलं होतं मी. पेनिसिलिन चालत नाही, म्हणून. लिहिलं, सेव्ह केलं, त्यानं सेव्ह झालं म्हणून सांगितलं, आणि आता परत उघडलं तर नाहीच." मी खुर्ची सरकवून त्यांच्या पडद्यात डोकावले. पेशंटचं नाव होतं, वय होतं, खाटेचा नंबर होता. सातचा अकरा झालेला. तो मी केला होता, माझ्या पडद्यावरून, मिनिटभरापूर्वी. ॲलर्जीचा चौकोन रिकामा होता. कधीच कुणी त्यात काही लिहिलं नसावं इतका स्वच्छ. माझ्या पडद्यावर खाली अजून हिरव्या अक्षरांत होतं, 'सेव्ह झाले'. काकांनाही मघाशी तेच दिसलं होतं. यंत्राने दोघांच्याही पाठीवर थाप मारली होती आणि दोघांपैकी एकाचं लिहिणं गिळून टाकलं होतं. पुसलं मी. खाट बदलताना. आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पेशंट खोटा होता, त्याचं नावही आम्हीच ठेवलं होतं, म्हणून कुणाच्या जिवावर बेतलं नाही. असं होणार हे मला ठाऊकही होतं. गेले तीन आठवडे मी हेच सांगत होते, फळ्यावर बाण काढून, कागदावर चौकोन काढून, मीटिंगमध्ये आवाज चढवून. पण बाण काढणं वेगळं आणि शेजारी बसलेला माणूस "माझं कुठं गेलं?" म्हणत बघत राहणं वेगळं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय नुसताच जमिनीवर आपटतो, तसं झालं. काका मात्र शांत होते. काका म्हणजे आमच्या ऑफिसात चुका करण्यासाठी पगार देऊन ठेवलेला माणूस. तीस वर्षं त्यांनी एका हॉस्पिटलच्या औषधांच्या कोठीत काढली. निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांना टेस्टिंगला आणलं, कारण हॉस्पिटलातली माणसं कॉम्प्युटरवर ज्या ज्या चुका करू शकतात त्या सगळ्या काका कुणी न शिकवता करतात. दोन बटणं एकदम दाबतात. नावाच्या जागी वय लिहितात. अर्धं लिहून पाणी प्यायला जातात. मी त्यांना या कामातला सगळ्यात हुशार माणूस समजते आणि हे मी चारचौघांत बोलूनही दाखवते. "पेनिसिलिन ना," काका म्हणाले, "आमच्याकडे लाल पेनानं लिहायचे. पुढं कुणी खोडलं तरी खोडलेलं दिसायचं." एवढीच तर माझी मागणी होती.

हॉस्पिटलांमध्ये मला कुलूपवाल्या मॅडम म्हणतात. आमचा जुना प्रोग्रॅम माझ्याच हातचा. त्यात वॉर्डातला प्रत्येक कॉम्प्युटर थेट मुख्य डेटाबेसशी बोलायचा, आणि एखाद्या सिस्टरने पेशंटचं रेकॉर्ड उघडलं की त्याला कुलूप लागायचं. ती बंद करीपर्यंत दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता यायचं नाही. पडद्यावर यायचं, 'हे रेकॉर्ड दुसरीकडे उघडे आहे. थांबा.' तो 'थांबा' माझा. मला त्याचा काय अभिमान होता! एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्याने तोंड घालायचं नाही, यात कुणाला काय खुपणार? पण माणसं कुलपांनाही सरावतात. सिस्टर सकाळी आल्या आल्या आपल्या सगळ्या पेशंटांची रेकॉर्डं उघडून ठेवायला लागल्या, म्हणजे दिवसभर ती आपल्याच ताब्यात. मग लॅबवाला रक्ताचा रिपोर्ट चढवायला जायचा तर कुलूप. तो वॉर्डात फोन करायचा, "सिस्टर, बारा नंबर सोडा." सिस्टर जेवायला गेलेल्या. सगळ्या मजल्यांवर दिवसभर या हाका. बारा सोडा, चार सोडा, अहो किती वेळ धरून बसलात. झाडणाऱ्या बाईच्या हातून प्लग निघाला की कॉम्प्युटर बंद आणि कुलूप तसंच, म्हणजे धरणारं कुणी नाही आणि धरलेलं सुटत नाही. मग फोन माझ्याकडे. एकदा एका पेशंटचा रिपोर्ट चाळीस मिनिटं दाराबाहेर ताटकळला. लॅबवाला मला म्हणाला, "मॅडम, तुमचं कुलूप भारी आहे हो. पण पेशंट आत आहे." कुलूप लावलं की एकाला निवांत बोलता येतं हे खरं, पण बाकीच्या सगळ्यांची तोंडं बांधून.

म्हणून नव्या प्रोग्रॅमात कुलूप मीच काढलं, कुणी सांगायच्या आधी. आता वॉर्डातले कॉम्प्युटर डेटाबेसशी थेट बोलणार नाहीत. मध्ये एक थर असेल, तोच सगळ्यांचं ऐकेल आणि तोच आत लिहील. रेकॉर्ड कुणीही मागावं. त्याला त्याची प्रत मिळेल, हवा तेवढा वेळ बघत बसा, कुणी अडणार नाही. मात्र प्रत्येक रेकॉर्डावर एक नंबर, आणि काहीही बदललं की तो एकाने वाढणार. तुम्ही सेव्ह करायला आलात की मधला थर विचारेल, नेलंत तेव्हा नंबर किती होता? चाळीस. आता आहे एक्केचाळीस. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी लिहून गेलंय. मग तो तुमचं मुकाट्याने घेणार नाही. त्या माणसाचं आणि तुमचं, दोन्ही शेजारी शेजारी मांडेल आणि म्हणेल, आधी हे वाचा, मग काय ते ठरवा. संपलं. यात कसली आलीय विद्वत्ता? दोन जावांचं भांडण मिटवणारी शेजारीण सुद्धा आधी दोघींचं ऐकून घेते.

साहेबांना हे पटत नव्हतं. साहेब माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. वाईट माणूस नाही. माझी मान दुखते म्हटल्यावर माझ्यासाठी त्यांनी खुर्ची बदलून घेतली होती, आणि तेही मी न मागता. पण त्यांना हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांसमोर उभं राहावं लागतं आणि मला राहावं लागत नाही. "मॅडम, डॉक्टरनं सेव्ह दाबलं आणि यंत्र म्हणालं, थांबा, तुमच्या आधी सिस्टरनं काहीतरी लिहिलंय, तर तो कॉम्प्युटर खिडकीतून खाली येईल." मी म्हटलं, "येऊ दे. तळमजल्यावर बसवू." ते हसले. मग म्हणाले, "शेवटी लिहील त्याचं धरायचं. सोपं आहे. जगात सगळीकडे असंच चालतं." मी म्हटलं, "तेच तर." नंबर तपासायची सोय मी मधल्या थरात लिहून ठेवली होती. साहेबांनी ती बंद ठेवायला लावली, कारण दोन्ही नोंदी शेजारी दाखवणारे पडदे तयार करायला आणि सहा वॉर्डांना ते शिकवायला आणखी तीन आठवडे लागले असते, आणि सोमवारी प्रोग्रॅम चालू करायचा शब्द त्यांनी देऊन टाकला होता. आज शुक्रवार. माझ्या टेबलावर मान्यतेचा कागद पडला होता. त्यावर तीन सह्या लागतात, रचना करणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि साहेबांची. काकांची सही सकाळी साडेनऊलाच झाली होती, टेस्टच्या आधी, कारण साहेबांकडे सह्या आधी आणि काम मागाहून अशी पद्धत आहे. माझी जागा रिकामी होती. मी सही केली तर सोमवारी हे भोक सहा वॉर्डांत जाऊन बसेल. नाही केली तर मी या कामावरून जाईन, आणि एकावन्न वर्षांच्या बाईला या धंद्यात नवीन खुर्ची कुणी देत नाही. हे सगळं अगदी लख्ख होतं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी मी पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

मी उठून तोंडावर पाणी मारून आले. आरशात बघायचं टाळलं. हिरवा पातळ साबण हातावर घेतला आणि त्या वासाने मी एकदम त्या दुसऱ्या बेसिनशी जाऊन उभी राहिले, अकरा वर्षांपूर्वीच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या, ज्याचा नळ पिळला की आधी हवा यायची आणि मग पाणी. आईचं पहिलं ऑपरेशन फसलं होतं. डॉक्टर दुसऱ्याचं म्हणत होते. आई तेव्हा बोलत होती, अगदी शुद्धीत, नेहमीसारखी तिखट. माझं मनगट धरून म्हणाली, "मला परत फाडू देऊ नकोस. घरी ने. माझ्या खिडकीशी मला पडू दे." मी म्हटलं, "अगं पण डॉक्टर म्हणतायत तर." ती म्हणाली, "डॉक्टरांचं पोट आहे का हे?" मी सिस्टरकडून कोरा कागद मागून आणला आणि लिहिलं, पेशंटची दुसऱ्या ऑपरेशनला संमती नाही. आईने सही केली. ती वाकडी आली. तिची तिलाच आवडली नाही, म्हणाली, "दे, परत करते." दुसरी केली. ती जरा बरी आली. सिस्टरने तो कागद फाइलला लावला, माझ्या डोळ्यांदेखत लावला, आणि म्हणाली, "झालं हं ताई." झालं. म्हणून मी घरी गेले. तीन दिवस अंगावर तेच कपडे होते. अंघोळ केली, केस पुसता पुसता पलंगावर टेकले, आणि अडीच तासांनी परत आले तेव्हा खाट रिकामी होती आणि चादर ताणून घातलेली होती.

दादा तोवर परगावाहून येऊन पोचला होता. सर्जन फेरीवर आले, त्यांनी सांगितलं, उशीर करण्यात अर्थ नाही. आई गुंगीत होती, म्हणून संमतीचा नवा फॉर्म दादासमोर आला. दादाने सही केली. आई त्यानंतर चाळीस दिवस जगली, घशात नळी घालून, एक शब्द न बोलता. डोळे उघडे असायचे. ती दादाकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. त्या बघण्यात काय होतं हे मी अकरा वर्षांत किती प्रकारे वाचलं असेल. एकदा वाटलं, राग. एकदा वाटलं, प्रश्न. एकदा तर असंही वाटलं की ती फक्त बघत होती, माणूस समोर असलं की बघतो तशी, आणि बाकीचं सगळं मी माझ्याच पदरचं घातलं. पण दादाच्या बाबतीत मला शंका नव्हती. त्याने माझा कागद वाचला आणि बाजूला सारला. लहानपणापासून त्याचं हेच. मी घोडा काढायचा, त्याने येऊन त्याच्यावर बोट ठेवायचं, "पाय असे नसतात," आणि पेन्सिल घेऊन गिरवायचं, आणि घरात आलेल्याने म्हणायचं, वा, घोडा कुणी काढला, दादाने का? आई तेवढी म्हणायची, "शेपटी हिची आहे." अकरा वर्षं मी दादाशी कामापुरतं बोलते. वर्षाला दोन फोन, त्यातला एक त्याचा. मी हा राग नीट सांभाळला, तेलपाणी करून ठेवला. कुलूपवाल्या मॅडम उगाच झाले का मी? आईनंतरच्या वर्षी मी तो जुना प्रोग्रॅम लिहिला आणि दिसेल त्या गोष्टीला कुलूप घातलं. एकाने लिहिलेल्यावर दुसऱ्याचं बोट पडताच कामा नये. हे मला कधी सुचलंही नव्हतं, आणि आता ओल्या हातांनी पॅसेजमध्ये उभं असताना ते इतकं उघड दिसत होतं की मला माझीच लाज वाटली.

आणि मग दुसरं सुचलं. ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. काकांचं लिहिलेलं मी पुसलं तेव्हा मला ते दिसलं कुठं होतं? मी माझी प्रत आधीच उघडून बसले होते. तीत ॲलर्जीचा चौकोन रिकामाच होता. मी खाट बदलली, मला सेव्ह झालं म्हणून सांगितलं गेलं, मी खूश. कुणी मला काकांचं पुसायला सांगितलं असतं तर मी मारायला धावले असते. मग दादाने? दादासमोर नवा कोरा फॉर्म ठेवला होता. फॉर्मच्या आधी काय लिहिलं गेलं होतं हे त्या फॉर्मवर कुठून असणार? मी जिन्यावर गेले, जिथे सिगारेट ओढणारे उभे राहतात, आणि भर दुपारी बाराला दादाला फोन लावला. हा या वर्षातला तिसरा फोन होता, म्हणून त्याने उचलल्या उचलल्या विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. दादा, त्या दिवशी तुला तो कागद दाखवला होता का कुणी?"

"कुठल्या दिवशी? कुठला कागद?"

"आईच्या फाइलला मी लावलेला. तिला ऑपरेशन नको होतं. तिची सही होती त्याच्यावर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मला कुणी काहीच दाखवलं नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज म्हातारा झाला होता. हे मला आधीच्या फोनांमध्ये कळलं नव्हतं. "मी बॅग सुद्धा खाली ठेवली नव्हती. त्यांनी फॉर्म पुढं केला. मी विचारलं, माझी बहीण कुठाय, तर म्हणाले, घरी गेल्या. मला वाटलं, तू मुद्दाम गेलीस. सही माझ्या गळ्यात घालून. थोरला आहे, करू दे त्याला. आणि नंतर आई तशी पडून राहिली आणि तू माझ्याशी बोलेनास, तेव्हा वाटलं, बघा, आपण पळून गेली आणि वर माझ्यावरच डाफरते."

"मी अंघोळीला गेले होते, दादा."

"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तू कधी विचारलंस?"

"तू विचारण्यासारखं तोंड ठेवलं होतंस का?" तो म्हणाला. जिन्यात खालून कुणीतरी खोकत वर येत होतं. मग दादाने अगदी हळू विचारलं, "ती काय म्हणाली होती? नक्की शब्द काय होते?" मी सांगितले. खिडकीचं सांगितलं, डॉक्टरांच्या पोटाचं सांगितलं, दोन सह्यांचं सांगितलं. डॉक्टरांच्या पोटावर तो हसला, ते हसणं मध्येच कुठेतरी अडकलं, आणि मग माझा एकसष्ट वर्षांचा भाऊ फोनवर हुंदके देऊन रडला. मी रडले नाही. मला रडू येत नव्हतं, मला संताप येत होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती. इतकी वर्षं त्याला मालक होता. आता तो बिनमालकाचा झाला. दुष्ट कुणीच नव्हतं. सिस्टरची पाळी बदलली असेल. सर्जनला पुढचं ऑपरेशन असेल. दादा दमून आला होता. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं, सगळ्यांना झालं म्हणून सांगण्यात आलं, आणि माझ्या आईचं म्हणणं एका कागदाखाली गेलं. कुणी दुष्ट असता तर शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पण हे असं, सगळ्या चांगल्या माणसांच्या हातून, बिनबोभाट व्हावं, आणि त्याची रचना करून देणाऱ्या कागदावर मी सही करावी? मी दादाला म्हटलं, "संध्याकाळी फोन करते. आत्ता मला भांडायला जायचंय." तो नाक ओढत म्हणाला, "जा. मी आहे."

साहेबांच्या खोलीला तीन बाजूंनी काच आहे, म्हणजे आतलं भांडण सगळ्यांना दिसतं आणि ऐकू कुणालाच येत नाही. "झाली सही?" त्यांनी विचारलं. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बसले, त्यांनी बसा म्हणायची वाट न बघता. "काकांची टेस्ट कळली ना?" मी विचारलं. "कळली," ते म्हणाले. "पण मॅडम, एकाच पेशंटचं रेकॉर्ड दोघांनी एकाच मिनिटाला उघडलंय आणि दोघांनी बदललंय, असं होणार किती वेळा? लाखात एकदा." हा हिशेब मी जिन्यावरून येताना करून आले होते. "सहा वॉर्डांत मिळून दिवसाला नऊ हजार बदल होतात. अकरा दिवसांत लाख भरतात. लाखात एकदा म्हणजे दर अकराव्या दिवशी, साहेब. तारीख काढून देऊ?" त्यांनी कपाळ चोळलं. मला त्यांची थोडी दयाही आली, कारण त्यांना हे कळत होतं. न कळणाऱ्याशी भांडणं सोपं असतं. "पुढच्या आवृत्तीत घालू," ते म्हणाले, "एकदा नव्या घरात राहायला गेलं की सामान हळूहळू लावता येतं." मी म्हटलं, "पुढच्या आवृत्तीपर्यंत तो पेशंट नसेल." ते एकदम खुर्चीत सरळ झाले. "मग मला तुमच्या जागी दुसऱ्याचं नाव टाकावं लागेल. आणि तसं झालं तर या कामावर तुम्ही नसाल. पुढच्या कामाचंही मला सांगता येणार नाही." हे ते वाईट वाटून बोलले. भीती वाटत होती, भरपूर वाटत होती. पण भीतीपेक्षा वर काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते हलायला तयार नव्हतं.

मी कागद पुढे ओढला आणि सहीच्या चौकोनात लिहायला सुरुवात केली. चौकोन लहान होता, अक्षरं बाहेर गेली, समासात गेली, वळून उभी गेली. लिहून झाल्यावर मी कागद फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी एका पेशंटच्या रेकॉर्डात 'पेनिसिलिन चालत नाही' असं लिहिलं गेलं. दहा एकवीसला ते पुसलं गेलं. कुणालाही कळलं नाही. पुसणारी मी. मला हे मान्य नाही. खाली माझी सही, वेळ टाकून.

साहेबांनी दोनदा वाचलं. "पुसणारी मी, हे कशाला? यात तुमची काय चूक?"

"काहीच नाही. म्हणूनच लिहिलंय."

"मॅडम, ही सहीची जागा आहे. निबंधाची नाही. मी नवीन प्रत काढतो."

"काढा. पण हा कागद तिला टाचायचा. ज्याला सही करायची त्याने आधी हा वाचायचा, मग करायची."

"असा काही नियम नाहीये."

"तो नियम करायलाच तर मी तीन आठवडे मागतेय."

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. काचेपलीकडे माणसं मान खाली घालून काम केल्यासारखं करत होती. तेवढ्यात दार ढकलून काका आत आले. ते न विचारता कधी आत येत नाहीत. त्यांचा करार दर सहा महिन्यांनी साहेबांच्या सहीने वाढतो आणि पुढची तारीख महिन्यावर आली होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. "काय लिहिलंय बघू," ते म्हणाले, आणि कागद उचलून, एकेका ओळीखालून बोट नेत, ओठ हलवत वाचायला लागले. साहेब म्हणाले, "काका, तुमची सही झालीय, तुमचा काही प्रश्न नाही." काकांनी मान हलवली. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले. मग माझ्या हातातलं पेन घेतलं, टेबलावर वाकले, आणि 'पुसणारी मी'च्या शेजारी जी बोटभर जागा उरली होती तिथे, सावकाश, शाळेच्या अक्षरात लिहिलं, 'लिहिणारा मी.' खाली पूर्ण नावाची सही केली.

"काढा आता नवीन प्रत, साहेब," काका म्हणाले, आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. "आम्ही दोघं बसलोय."